फोर्थ : ज्याची त्याची संगणकभाषा

‘तिनात चार मिळव’ असे आपण मराठीत म्हणतो तेव्हा संख्या आधी येतात आणि त्यांचे काय करायचे ते शेवटी येते. गणिताच्या वहीत मात्र तोच विद्यार्थी ३ + ४ असे लिहितो. तेथे क्रिया मधे येते. बेसिक, पास्कल, सी, पायथन अशा बहुतेक संगणकभाषांनी वहीतली पद्धत उचलली. १९७० च्या सुमारास आकाराला आलेल्या फोर्थ या भाषेने बोलण्यातली उचलली. तिचे कर्ते चार्ल्स मूर अमेरिकन. त्यांचा मराठीशी काही संबंध नव्हता. तरीही फोर्थमधली ओळ मराठी माणसाला सरळ वाचता येते :

३ ४ + .

तीन, चार, मिळव, छाप. शेवटचा ठिपका म्हणजे ‘छाप’ ही आज्ञा. उत्तर येते ७. (या लेखात फोर्थचे मूळ शब्द देवनागरीत आणि अंक मराठीत छापले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत टंकावे लागतात.) जपानी वाक्यातही क्रियापद शेवटीच येते. १९८० च्या दशकात जपानमध्ये ‘माइंड’ नावाची, जपानी वाक्ये वापरणारी संगणकभाषा तयार झाली, ती फोर्थच्याच पायावर. तशी मराठी भाषा कोणी केली नाही, ही थोडी चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

पण या लेखाचा विषय वाक्यरचना नाही. कोणत्याही संगणकभाषेत नसेल इतकी मोकळीक फोर्थने वापरणाऱ्याला दिली. भाषेत हवा तो शब्द घालता येतो, असलेला बदलता येतो, व्याकरणसुद्धा वाढवता येते. या मोकळिकीने काय साधले आणि तिची काय किंमत पडली, हे पाहण्यासारखे आहे. माझ्या मते ही दोन उत्तरे वेगवेगळी काढता येत नाहीत.

आधी यंत्रणा समजून घेऊ. पंगतीच्या आधी ताटांची चवड रचलेली असते, तशी संगणकाच्या स्मृतीत संख्यांची एक चवड असते. इंग्रजीत तिला स्टॅक म्हणतात. ठेवायचे ते वर ठेवायचे, काढायचे तेही वरूनच. ‘३’ वाचल्यावर तीन चवडीवर जातो, ‘४’ वाचल्यावर त्यावर चार. ‘+’ वरच्या दोन संख्या उचलतो आणि त्यांच्या जागी सात ठेवतो. कंस लागत नाहीत आणि ‘आधी गुणाकार, मग बेरीज’ असा नियमही लागत नाही. ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने काम होते. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांनी १९२० च्या दशकात चिन्ह आधी लिहिण्याची बिनकंसाची पद्धत सुचवली होती. तिची ही उलटी आवृत्ती. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा १९७२ चा एचपी-३५ हा खिशात मावणारा गणकही याच पद्धतीने चालत असे.

दुसरा भाग शब्दकोशाचा. फोर्थमध्ये जागा सोडून लिहिलेली प्रत्येक गोष्ट हा एक ‘शब्द’ असतो. यंत्रणा शब्द वाचते आणि कोशात शोधते. सापडला तर त्याचे काम करते. नाही सापडला तर ती संख्या आहे का ते पाहते. तीही नसेल तर कळत नाही म्हणून सांगते. बस, एवढेच. आता कोशात आपला शब्द घालायचा तर :

: वर्ग  डुप * ;

विसर्गासारख्या दिसणाऱ्या चिन्हाने व्याख्या सुरू होते, अर्धविरामाने संपते. ‘डुप’ म्हणजे चवडीवरच्या संख्येची आणखी एक प्रत. आता ‘५ वर्ग .’ असे लिहिले की २५ मिळतात. यापुढे ‘वर्ग’ हा भाषेतला शब्द झाला, ‘+’ किंवा ‘*’ यांच्या बरोबरीचा. त्यावरून ‘घन’ करा :

: घन  डुप वर्ग * ;

मूळचे शब्द आणि तुम्ही घातलेले शब्द यांत फोर्थ कसलाच भेद करत नाही. इतर भाषांत आपण नवी कार्ये लिहू शकतो, पण ‘जर-तर’ ही रचना भाषेने दिलेली असते आणि तिला हात लावता येत नाही. फोर्थमध्ये ‘जर’ हाही कोशातला एक शब्दच. व्याख्या सुरू करणारे ते विसर्गासारखे चिन्हसुद्धा एक शब्द. व्याख्या चालू असतानाच काम करणारे शब्द, नवे शब्द घडवणारे शब्द, हे सगळे वापरणारा स्वतः करू शकतो. आरंभीच्या फोर्थमध्ये अनेक पर्यायांतून एक निवडण्याची सोय प्रमाण स्वरूपात नव्हती. फोर्थप्रेमींच्या नियतकालिकाने त्यासाठी स्पर्धाच ठेवली. चार्ल्स एकर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली काही ओळींची व्याख्या पुढे इतकी रुळली की १९९४ च्या अमेरिकन प्रमाणकात ती आली. एका वाचकाने मासिकातून भाषेच्या व्याकरणात भर घातली, असे उदाहरण दुसऱ्या एखाद्या भाषेत मला तरी आठवत नाही.

मूर यांना हे सगळे का करावेसे वाटले? १९६० च्या दशकात ते एका कामावरून दुसऱ्या कामावर, एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होते आणि दर ठिकाणी सोबत आपल्या हत्यारांची पेटी नेत होते. १९६८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गालिचे बनवणाऱ्या एका कंपनीत आयबीएम ११३० या संगणकावर त्या पेटीला नाव मिळाले. चौथ्या पिढीचे साधन म्हणून ‘फोर्थ’ म्हणजे ‘चौथे’ हा शब्द त्यांना हवा होता. पण त्या यंत्रावर फाइलच्या नावाला पाचच अक्षरे चालत आणि त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सहा आहेत. एक अक्षर गळाले, आणि अर्थच बदलून ‘पुढे’ असा झाला.

भाषेची खरी परीक्षा झाली ती अ‍ॅरिझोनातल्या किट पीक पर्वतावर. तेथे अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेची ११ मीटर व्यासाची दुर्बीण होती. ताऱ्यांमधल्या अवकाशात कार्बन मोनॉक्साइड आहे, हे १९७० मध्ये याच दुर्बिणीने दाखवले. १९७१ च्या सुमारास मूर यांनी तिचे नियंत्रण फोर्थवर आणले. संगणकाची स्मृती काही किलोबाइट. तेवढ्यात दुर्बीण फिरवायची, वेध नोंदायचे आणि निरीक्षकासमोर आलेखही काढायचा. एलिझाबेथ रॅदर तेथे ही भाषा शिकल्या. मूर यांच्यानंतरच्या त्या पहिल्या फोर्थ-प्रोग्रॅमर. १९७३ मध्ये दोघे फोर्थ इन्कॉर्पोरेटेड या कंपनीच्या संस्थापकांत होते.

उपकरणे हाताळणाऱ्या माणसाला ही भाषा का आवडली, हे समजायला अवघड नाही. समजा मोटार एका अंशाला ठरावीक पावले फिरते. अंशांची पावले करणारा ‘अंश’ हा शब्द आणि तितकी पावले मोटारला देणारा ‘फिरव’ हा शब्द कोशात घातला, की रात्री निरीक्षक टंकतो :

४५ अंश फिरव

आणि दुर्बीण फिरते. ही आज्ञा आहे, प्रोग्रॅम आहे आणि वाक्यही आहे. प्रत्येक शब्द लिहिल्याबरोबर एकटा चालवून पाहता येतो. सगळा प्रोग्रॅम पुन्हा भाषांतरित करून चढवण्याची वाट पाहावी लागत नाही. दुर्बिणीच्या वेळेचे मोल ज्याला माहीत आहे त्याला ही सोय काय वाटली असेल! शिवाय सगळे आटोपशीर. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये ज्युपिटर एस नावाचा घरगुती संगणक विक्रीला आला. त्याची फोर्थ भाषा आणि बाकीची यंत्रणा मिळून अवघ्या ८ किलोबाइटच्या कायम स्मृतीत बसवली होती. त्याच वर्षीच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमला बेसिकसाठी १६ किलोबाइट लागले होते, आणि वेगात फोर्थ पुढे होती. तरी लोकांनी स्पेक्ट्रम घेतला आणि एस लवकरच मागे पडला, ते असो.

फोर्थ पुढे अशा जागी जाऊन बसली की जिथे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. संगणक सुरू होताना मुख्य कार्यप्रणालीच्या आधी जो छोटा प्रोग्रॅम चालतो, तो सन कंपनीच्या यंत्रांत आणि अ‍ॅपलच्या पॉवरपीसी प्रक्रियकाच्या यंत्रांत अनेक वर्षे फोर्थमध्ये होता. १९९४ मध्ये त्याचे प्रमाणकही झाले. कारण सोपे होते. संगणकात बसवायच्या कार्डावरच त्याला चालवणारे शब्द फोर्थच्या संक्षिप्त रूपात लिहून ठेवले, की प्रक्रियक कोणत्याही कंपनीचा असो, ते कार्ड आपली ओळख आपण करून देते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेतल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्येही हीच व्यवस्था होती. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या प्राथमिक शाळेत हे लॅपटॉप प्रयोगादाखल दिले गेले. त्या मुलांनी बटण दाबले की सगळ्यात आधी जागी होत असे ती फोर्थ! १२ नोव्हेंबर २०१४ रोजी धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानातला आरटीएक्स २०१० हा प्रक्रियकही चवडीवर काम करणारा, फोर्थ डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या जातीतला होता.

आता दुसरी बाजू. आठवीच्या पुढच्या कोणालाही b² – ४ac ही राशी, म्हणजे वर्गसमीकरणाचा विवेचक, डोळ्यांनी वाचता येतो. तीन सहगुणक क्रमाने चवडीवर आहेत असे समजून फोर्थमध्ये तो असा लिहितात :

: विवेचक  रॉट ४ * * स्वॅप डुप * स्वॅप - ;

‘रॉट’ तिसरी संख्या वर आणतो, ‘स्वॅप’ वरच्या दोघींची अदलाबदल करतो. ‘१ ५ ६ विवेचक .’ लिहून पाहा. २५ वजा २४, उत्तर १ येते. व्याख्या बरोबर आहे. पण ती वाचताना प्रत्येक पायरीला चवडीत काय आहे हे कागदावर मांडावे लागते. रॉट, स्वॅप, डुप यांचा बीजगणिताशी काहीही संबंध नाही. ती नुसती ताटांची हलवाहलव आहे. पायथनमध्ये हीच गोष्ट जवळजवळ वहीतल्यासारखी दिसते. काही शतकांच्या वापराने घासूनपुसून तयार झालेले बीजगणिताचे लेखन फोर्थने सोडून दिले आणि त्याचा भार वाचणाऱ्यावर टाकला. छोट्या छोट्या व्याख्या केल्या की हा त्रास होत नाही, असे फोर्थचे चाहते म्हणतात. ते काही अंशी खरे आहे. पण मग शब्दांची संख्या वाढते, आणि प्रत्येक शब्द किती संख्या उचलतो आणि किती ठेवतो हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. ते टीप म्हणून लिहायचे असते. टीप चुकली किंवा लिहिलीच नाही, तर यंत्रणा काही बोलत नाही. चवडीवर तापमान आहे, पत्ता आहे की अक्षर, याची चौकशी ती करत नाही.

मोकळीक कुठवर जाते हे पाहायचे असेल तर ही व्याख्या पाहा :

: २  ३ ;

फोर्थ आधी कोश पाहते आणि संख्येचा विचार नंतर करते, हे वर सांगितले आहे. त्यामुळे बहुतेक फोर्थमध्ये ही व्याख्या चालते. यानंतर ‘२ २ + .’ याचे उत्तर ६ येते. वर्गात हे दाखवले तर मुले खूश होतात. एरवी कोणी असे मुद्दाम करत नाही. नकळत मात्र असे होते, आणि त्याचे मी पाहिलेले एक उदाहरण येथे सांगतो.

एका प्रयोगशाळेत अतिशीत तापमानाला पदार्थांचा विद्युतरोध मोजण्याचे उपकरण फोर्थवर चालत होते. ज्याने ते बसवले त्याने तापमान धरून ठेवण्यासाठी ‘होल्ड’ नावाचा शब्द केला होता. ‘२० होल्ड’ म्हणजे २० केल्व्हिनवर नेऊन स्थिर कर. छान, वाचता येणारा शब्द. पण फोर्थच्या मूळ कोशात ‘होल्ड’ आधीपासून आहे. संख्या छापताना तिच्यामध्ये एखादे चिन्ह घालण्यासाठी तो असतो, आणि दशांशचिन्हाचा सांकेतिक क्रमांक आहे ४६. जुने छपाईचे शब्द आधीच रचलेले असल्याने त्यांच्या पोटात जुना अर्थ राहिला आणि वर्षभर काही बिघडले नाही. मग तो गृहस्थ परदेशी गेला. त्याच्या जागी आलेल्या विद्यार्थिनीने पुस्तकात पाहून, अगदी शास्त्रशुद्धपणे, तापमान दशांशात छापणारा एक नवा शब्द लिहिला. त्यात अर्थातच ‘४६ होल्ड’ होते. तिने आकडा छापायला सांगितला आणि उपकरण ४६ केल्व्हिनकडे निघाले! कारण सापडायला तीन दिवस लागले, आणि तेवढ्यात आणलेले द्रव हेलियम संपून गेले.

या प्रकरणात कोणी ढिसाळपणा केला असे म्हणता येत नाही. जुना शब्द नव्याने रचला जात आहे, अशी सूचना यंत्रणेने व्याख्येच्या वेळी एकदा दिली होती. ती ज्याला मिळाली तो निघून गेला होता. तिने फोर्थ बरोबर लिहिली. अडचण अशी, की त्या खोलीतली भाषा आता फोर्थ राहिली नव्हती. ती एका माणसाची भाषा झाली होती, आणि तिचा कोश त्याच्या डोक्यात होता.

फोर्थवर टीका करताना माझा मुख्य आक्षेप हाच आहे. चांगला फोर्थ-प्रोग्रॅम म्हणजे त्या कामापुरती घडवलेली नवी भाषा. काम जितके चांगले, तितकी ती मूळ भाषेपासून दूर. लिहिणाऱ्याला ‘४५ अंश फिरव’ इतके सोपे वाटते, आणि नंतर येणाऱ्याला एक परकी बोली आधी शिकावी लागते. मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. परिभाषा कोशातले कितीतरी शब्द घडणीच्या दृष्टीने निर्दोष आहेत. त्यांतला कोणता शब्द वर्गात टिकला आणि कोणता कोशातच राहिला, हे घडवणाऱ्याने ठरवले नाही. दुसऱ्या माणसाने तो न विचारता वापरला का, यावर ते ठरले. एकर यांची व्याख्या अशी हातोहाती गेली. बहुतेक फोर्थ-शब्दांच्या नशिबी ते आले नाही.

भाषा एकसारखी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या फोर्थ इंटरेस्ट ग्रुपने आपली आवृत्ती अनेक यंत्रांसाठी खुली करून दिली. मग १९७९ चे प्रमाणक आले, नंतर १९८३ चे. पण या दोघांत –७ भागिले २ याचे उत्तर वेगळे आहे! १९७९ च्या प्रमाणकात भागाकार –३ आणि बाकी –१. १९८३ च्या प्रमाणकात भागाकार –४ आणि बाकी १. दोन्हींचा ताळा जुळतो. गणिताच्या शिक्षकाला दुसरे उत्तर अधिक पटेल, कारण बाकी ऋण नाही. (पायथनही पूर्णांक भागाकारात –४ देते आणि सी –३.) ‘खरे’ या उत्तराची किंमतही जुन्यात १ होती, ती नव्यात –१ झाली. बदल विचारपूर्वक होते. तरी जुने चालते प्रोग्रॅम त्याने मोडले, आणि ज्यांचे मोडले त्यांनी नवे प्रमाणक घेतले नाही. १९९४ च्या प्रमाणकाने शेवटी भागाकाराच्या दोन्ही रीती मान्य केल्या. स्वतः मूर यांना या खटाटोपात रस नव्हता. भाषा गरजेप्रमाणे बदलायची, छोटी ठेवायची आणि नको ते फेकून द्यायचे, हा त्यांचा बाणा. पुढे त्यांनी कलरफोर्थ केली. तीत शब्दाचा रंगच त्याचे व्याकरण सांगतो. लाल शब्दाने नवी व्याख्या सुरू होते. कल्पना सुंदर आहे. मात्र ती कृष्णधवल कागदावर छापून दुसऱ्याला देता येत नाही.

याच काळात सी आणि नंतर पायथन का पसरल्या, याचे कारण त्या अधिक हुशारीने रचल्या होत्या हे नव्हे. एकाने लिहिलेले दुसऱ्याला वापरता येईल अशी ग्रंथालये त्यांच्याभोवती साठत गेली. फोर्थवाल्याला दुसऱ्याचे घेण्यापेक्षा स्वतः लिहिणे सोपे पडते, आणि तो लिहितोही. त्यामुळे साठा होत नाही.

मग शाळेत हिचे काय करायचे? पहिली भाषा म्हणून मी फोर्थ शिकवणार नाही, आणि चार जणांनी मिळून वापरायच्या उपकरणावर ती बसवू देणार नाही. पण अकरावी-बारावीच्या ज्या मुलांना थोडे पायथन येते, त्यांच्यासोबत दोन आठवडे फोर्थला जरूर द्यावेत. इतर भाषा आणि प्रक्रियक यांच्यामध्ये इतके थर आहेत की ‘संगणकाला आज्ञा कळते’ म्हणजे काय होते, हे मुलांना दिसतच नाही. फोर्थमध्ये ते दिसते. चवड, कोश आणि शब्द शोधण्याची चार पायऱ्यांची रीत. एवढे पायथनमध्ये लिहून स्वतःची छोटी फोर्थ तयार करणे हुशार विद्यार्थ्याला सुट्टीत जमते. जीफोर्थ ही आवृत्ती मोफत मिळते, आणि तीत देवनागरी नावांचे शब्दही करता येतात. अंक तेवढे रोमन ठेवावे लागतात; नाहीतर एकेका मराठी अंकाला शब्द म्हणून कोशात घालावे, तेही चालते.

वर्गात करून पाहण्यासाठी एक गोष्ट सुचवतो. मुलांचे दोन गट करा. दोन्ही गटांनी सरळव्याजाची उदाहरणे सोडवण्यासाठी स्वतःचे मराठी शब्द करावेत : मुद्दल, दर, मुदत, रास, जे सुचतील ते. प्रत्येक शब्द चवडीवरून काय उचलतो आणि काय ठेवतो, याची टीप एका गटाला लिहायला सांगा, दुसऱ्याला सांगू नका. आठ दिवसांनी वह्या बदला, आणि दुसऱ्याच्या शब्दांत चक्रवाढव्याजाचा शब्द लिहायला द्या. कोणत्या गटाला किती वेळ लागला, ते फळ्यावर मांडून ठेवा.